बागेची भुरी आणि अंगाचं गजकर्ण

वाचकाचं पत्र

मॅडम, आमची दिंडोरी तालुक्यात साडेतीन एकर थॉम्पसन द्राक्षाची बाग आहे. आमच्या ह्यांना आठ महिन्यांपासून जांघेत आणि कमरेला गजकर्ण आहे. मेडिकलमधून ट्यूब आणतात, आठ दिवसांत बरं वाटतं, पंधरा दिवसांनी पुन्हा येतं. आता सासूबाईंच्या कमरेला, नेसूच्या गाठीखाली, तसाच चट्टा आलाय. धाकट्याच्या मानेवरही एक आहे, तो सारखा गोठ्यात वासराच्या गळ्यात पडलेला असतो. यंदा बागेतही पानांवरची पांढरी भुरी हटत नाही. मुलगी बीएस्सीला आहे. तिनं दाखवलं की ट्यूबवरच्या नावाचं आणि फवारणीच्या बाटलीवरच्या नावाचं शेपूट एकच आहे, 'झोल'. तेव्हापासून हे म्हणतात, औषध एकच तर बाटलीतलंच पाण्यात घालून लावतो, ट्यूब महाग पडते. बागेतली भुरीच अंगावर आलीय का? बाटलीतलं लावलं तर चालेल का? आणि हे जात का नाही? २०२१ मध्ये माझ्या मोठ्या दिरांचा काळ्या बुरशीत डोळा गेला, म्हणून जीव घाबरतो. डॉक्टरकडे चला म्हटलं तर हे लाजतात.

उत्तर

ताई,

आधी ती बाटली फवारणीच्या औषधांच्या पेटीत घाला आणि किल्ली स्वतःकडे ठेवा. बाकीचं मग सावकाश वाचा. जमलं तर ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

तुमच्या मुलीचं मात्र कौतुक वाटलं. मी नाशिकच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात उमर घालवली, पण ट्यूब आणि बाटली शेजारी ठेवून शेपट्या जुळवणारी विद्यार्थिनी मला काही भेटली नाही. तिचं बरोबर आहे. ट्यूबमधलं क्लोट्रिमॅझोल किंवा ल्युलिकोनॅझोल, गोळीतलं इट्राकोनॅझोल, बागेतलं हेक्साकोनॅझोल आणि टेब्युकोनॅझोल ही सगळी एका घराण्यातली भावंडं. बुरशीची एकच जागा पकडून मारतात. चूक झाली ती ह्यांच्या हिशेबात. घराणं एक म्हणून चुलत्याच्या नावावर सही करता येत नाही.

भुरी अंगावर आलेली नाही, याबद्दल निर्धास्त राहा. द्राक्षाची भुरी इतकी लाडावलेली बुरशी आहे की जिवंत द्राक्षवेल सोडून तिला दुसरं काही गोड लागत नाही. वर्गात आम्ही ताटलीत अगर नावाची जेली ओतून पावाची, लिंबाची, लोणच्याची बुरशी मजेत वाढवायचो. दरवर्षी कुणीतरी पोरगा मोहाडी-पिंपळगावकडून भुरीचं पान घेऊन यायचा, 'मॅडम, ही पण वाढवू'. ती कधीच वाढली नाही आणि वाढणारही नव्हती. कारण ती जिवंत पेशीत तोंड खुपसून जेवते, ताटलीतलं मेलेलं अन्न तिच्या उपयोगाचं नाही. शिवाय तिला विशीतलं तापमान मानवतं, पस्तिशीच्या वर तिचे बीजाणू रुजायलाही कुरकुरतात. आपलं अंग आतून ३७ अंशांवर कायम तापलेलं. जगात बुरशीच्या लाखो जाती आहेत, त्यातल्या फार थोड्या माणसाला त्रास देतात. त्याचं एक मोठं कारण ही आपली चोवीस तास पेटलेली चूल.

मग गजकर्णाची बुरशी कशी टिकते? ती आत जातच नाही. कातडीचा सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा पापुद्रा आतल्यापेक्षा गार असतो आणि तिथं हवा असते. ती तिथंच बसते आणि केराटिन खाते. केराटिन म्हणजे ज्या प्रथिनाची आपली नखं, केस, गाईची शिंगं बनतात ते. शिंग खाऊन जगायचं म्हणजे बघा कसली भूक असेल. केराटिनच्या धाग्यांना गंधकाच्या टाक्यांनी घट्ट शिवलेलं असतं. ही बुरशी आधी सल्फाइट सोडून ते टाके उसवते आणि मग एन्झाइमनं धागा कातरते.

इथं जरा थांबते, कारण जेवायची ही पद्धत समजली की पुढचं सगळं सोपं होतं. आपण घास तोंडात घालतो, मग पचवतो. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती पाचक रस बाहेर ओतते, अन्न जागेवरच विरघळवते आणि झालेलं सार अंगभर शोषून घेते. म्हणजे तिचं पोट अंगाबाहेर असतं आणि ती पोटातच राहते. ह्यांच्या जांघेत चाललंय ते हेच. त्यात आणखी एक लबाडी आहे. केराटिन खाताना अमोनिया सुटतो, त्यानं कातडीचा नेहमीचा आंबटपणा कमी होतो, आणि त्या बदललेल्या जागेत तिचे कातरणारे एन्झाइम अधिक जोरानं चालतात. जेवता जेवता ती स्वतःच्या सोयीचं स्वयंपाकघर बांधते. घाम, ओली बनियन, दिवसभर न उतरवलेली जीन्स हे सगळं वर तोंडी लावायला.

वाढते कशी, तेही सांगते. बुरशी म्हणजे धागे. प्रत्येक धागा फक्त टोकाकडून लांबतो. शेवेचा सोऱ्या दाबला की शेव पुढे सरकते, साधारण तसं. आतून पाण्याचा दाब असतो, टोकाची भिंत मऊ असते, आणि मागून छोट्या छोट्या पिशव्यांतून भिंतीचा माल टोकाशी येत राहतो. टोक पुढे गेलं की मागची भिंत कडक होते. मग मधूनच फांदी फुटते, तिला पुन्हा फांदी. एका ठिपक्यापासून सगळीकडे सारख्या वेगानं पसरलं की गोल होतो. मधल्या भागातलं केराटिन खाऊन झालेलं, तिथं शरीरानंही मारा केलेला, म्हणून मध्ये कातडी बरी दिसते आणि कडेला लाल, खवले सुटलेली, खाजरी रांग. तीच कड म्हणजे तिची पुढची फळी. ट्यूब लावणारे नेमकं मधल्या भागावर चोळतात आणि कडेपाशी येऊन थांबतात. कडेच्या पलीकडच्या, चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर दोन बोटं पुढपर्यंत लावायचं असतं, कारण काही धागे डोळ्याला दिसायच्या आधीच तिथं पोचलेले असतात.

पिकाला शिरताना हाच दाब शस्त्र होतो. आपल्या इगतपुरी-त्र्यंबककडच्या भातावर करपा पडतो ना, त्याचा बीजाणू पानाला चिकटतो, एक काळसर घुमट बांधतो आणि त्यात पाणी ओढून हवेच्या सुमारे ८० पट दाब तयार करतो. गाडीच्या टायरात याच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी हवा असते. त्या दाबानं घुमटाखालून सुईसारखी खुंटी निघते आणि पानाची साल फोडून आत जाते. द्राक्षाची भुरी इतका दंगा करत नाही. ती थोडा दाब, थोडे एन्झाइम वापरून सालीच्या वरच्या थरातल्या पेशीत एक चिमुकला शोषक अवयव घालते आणि वेलीनं उन्हात बनवलेली साखर स्ट्रॉनं ऊसाचा रस प्यावा तशी पिते. पेशी मारत नाही, कारण मेलेली गाय दूध देत नाही हे तिला कळतं. पांढरी पावडर म्हणून जी तुम्हाला दिसते ती वरच्या वर पसरलेली तिची जाळी आणि माळेसारखे बीजाणू. आणि हो, तिला पानावर पाणी लागत नाही, दमट ढगाळ हवा पुरते. पाऊस नाही, दव नाही, तरी भुरी कशी आली, असं कुणी बांधावर विचारलं तर हे उत्तर द्या.

द्राक्षावरच्या दुसऱ्या रोगाचं, डावणीचं, गणित वेगळं. तिला ओलं पान लागतंच, कारण तिचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात आणि पानाच्या रंध्रातून आत जातात. खरं तर डावणी बुरशीच नव्हे. ती समुद्रातल्या तपकिरी शेवाळांची लांबची नातेवाईक, तिच्या भिंतीत झाडासारखं सेल्युलोज असतं. म्हणून भुरीवर चालणारी ही 'झोल' मंडळी डावणीवर मारून उपयोग नसतो. तुमच्याकडचे जुने बागायतदार शास्त्र न शिकता दोन्हींची औषधं वेगळी ठेवतात, ते बरोबरच आहे.

आता श्वासाकडे येते. लोकांना वाटतं बुरशी म्हणजे झाडासारखं काहीतरी. नातं लावायचं तर बुरशी झाडापेक्षा आपल्या जवळची आहे. तिला हरितद्रव्य नाही, ऊन खाता येत नाही. साखर उरली तर ती आपल्या यकृतासारखी ग्लायकोजनच्या रूपात साठवते. आणि ऊर्जा अगदी आपल्यासारखीच बनवते. पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भट्ट्या असतात, त्यात अन्नातले इलेक्ट्रॉन एका साखळीवरून खाली खाली उतरत शेवटी ऑक्सिजनला मिळतात, आणि त्या उतारावर एटीपी तयार होतो. एटीपी म्हणजे पेशीचे सुटे पैसे, प्रत्येक कामाला तेच चालतात. ऑक्सिजन असेल तर साखरेच्या एका रेणूमागे साधारण ३० एटीपी मिळतात. नसेल तर २. यीस्ट त्या दोनावरही दिवस काढतं आणि बदल्यात मद्यार्क सोडतं. आपल्या जिल्ह्यातल्या वायनरी त्याच्याच जिवावर चालल्यात. गजकर्णाच्या बुरशीला मात्र हवा लागते. वरच्या पापुद्र्यात ती तिला मिळते.

बागेत तुम्ही ज्याला ॲझॉक्सीस्ट्रोबिन म्हणता ते औषध याच भट्टीच्या साखळीतली तिसरी पायरी अडवतं. त्याची मूळ कल्पना पाईनच्या शंकूवर उगवणाऱ्या एका इवल्याशा अळिंबीकडून आली, जी शेजारच्या बुरशांना मारायला असलं रसायन सोडते. म्हणजे बुरशीनं बुरशीसाठी शोधलेलं विष, आपण उसनं घेतलं. १९९६ साली ते बाजारात आलं आणि काही वर्षांतच भुरीनं त्या पायरीच्या जनुकात एक अक्षर बदललं. एकच अक्षर. औषध बसेना झालं. शिवाय पुष्कळ बुरशांकडे साखळीला बगल देणारी एक पायवाट असते, मुख्य रस्ता बंद पडला तर थोडी कमी ऊर्जा घेऊन त्या वाटेनं निघून जातात. घोटीजवळ हायवेला ट्रक आडवा झाला की आपण गावातून गाडी काढतो, तसं.

आता ह्यांना विचारा, बागेत एकच औषध लागोपाठ चार वेळा माराल का? म्हणतील, वेडी का तू, आलटून पालटून मारावं लागतं, भुरी दाद देत नाही. अर्धा डोस मारून मध्येच थांबाल का? नाही म्हणतील. मग अंगाला एकच ट्यूब आठ महिने, तीही खाज थांबेपर्यंत, हे कुठलं शहाणपण? साडेतीन एकराचा जो बारकाईनं विचार करतो त्याला साडेपाच फुटाचा करता येऊ नये, याचं मला खरोखर नवल वाटतं.

बुरशीची औषधं कमी का, याचं उत्तर वरच्या नात्यात आहे. जंतू, म्हणजे बॅक्टेरिया, आपल्यापासून इतके वेगळे की त्यांना मारायला शंभर जागा सापडतात. बुरशी चुलत बहीण. तिची भट्टी आपल्यासारखी, तिच्या पेशीची घडण आपल्यासारखी. कुठं मारायचं की आपल्याला लागणार नाही? फरक दोन-तीनच. एक तिची भिंत, कायटिनची, झिंग्याच्या कवचासारखी. दुसरा फरक पेशीच्या पातळ पडद्यात. आपल्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, तिच्यात अर्गोस्टेरॉल. सगळी 'झोल' मंडळी अर्गोस्टेरॉल बनवणारा एक एन्झाइम अडवतात. टर्बिनाफिनची गोळी अर्गोस्टेरॉल बनवण्याच्या त्याच साखळीतली अलीकडची कडी तोडते. पडदा गळका झाला की धागा वाढायचा थांबतो. जागा एवढीच. ती हातातून गेली तर डॉक्टरांकडे दुसरं फारसं काही उरत नाही.

आणि ती जाते आहे. भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत गजकर्णाची जी हट्टी साथ आली, तिच्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. नावात आपला देश आहे, अभिमान वाटावा असं त्यात काही नाही. तिच्या पुष्कळ वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही, तिथंही जनुकातलं एखादं अक्षरच बदललेलं. बागेतल्या औषधाचा आणि दवाखान्यातल्या औषधाचा संबंध आणखी एका ठिकाणी उघड झालाय. नेदरलँड्समध्ये ट्यूलिपच्या कंदांना, शेतांना 'झोल' औषधं भरपूर दिली जात. तिथल्या कुजणाऱ्या कचऱ्यात राहणारी ॲस्परजिलस नावाची बुरशी तिथंच निर्ढावली, आणि तिचे बीजाणू ज्यांच्या फुप्फुसात गेले त्या रुग्णांवर कधी औषध न घेताही गोळी चालेना. तेव्हा मुलीनं जुळवलेलं शेपूट फार लांब जातं. पण त्यातून निघणारा धडा ह्यांच्या हिशेबाच्या उलटा आहे.

बाटलीतलं लावू नका, त्याची कारणं थोडक्यात. त्यात मूळ औषध थोडं, बाकी ते विरघळवणारी, पानावर पसरवणारी रसायनं असतात. ती द्राक्षाच्या सालीसाठी बनवलेली आहेत. जांघेतली कातडी पातळ, खाजवून आधीच सोललेली. तिथं लावलेलं हाताच्या तळव्यापेक्षा कितीतरी लवकर रक्तात उतरतं. भाजेल, चिघळेल, आणि बुरशी कडेनं पुढे जाईल. गंधकाची भुकटीही नको. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षांवर पहिल्यांदा ही भुरी दिसली, तेव्हापासून गंधक तिच्यावर मारलं जातंय आणि आजही ते उत्तम आहे. वेलीवर.

आता ट्यूबबद्दल. तुम्ही नाव कळवलं नाही, पण 'आठ दिवसांत बरं, पंधरा दिवसांनी पुन्हा' यावरून मला तिची ओळख पटल्यासारखी वाटते. ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन-चार नावं असतील तर त्यात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं एखादं आहे का ते मुलीला वाचायला सांगा. असेल तर ते स्टेरॉइड. लाली आणि खाज ही बुरशी करत नाही, आपल्या शरीराची राखण करणाऱ्या पेशी तिच्याशी झगडतात म्हणून ती होते. स्टेरॉइड त्या राखणदारांना झोपवतं. दोन दिवसांत खाज गेली म्हणून माणूस खूश, आणि बुरशीला मोकळं रान. मग गोल रिंगणही धड दिसत नाही, रिंगणात रिंगण उठतं, पसरट डाग होतात, आणि नंतर डॉक्टरनाही पटकन ओळखू येत नाही. महिनोन्महिने लावलं तर जांघेत बाळंतपणासारखे पांढुरके ताणाचे व्रण पडतात, ते जात नाहीत. असली ट्यूब चिठ्ठीशिवाय विकायचीच नसते. कोण चिठ्ठी मागतं म्हणा. थांबवल्यावर काही दिवस लाली उसळेल, त्याला घाबरून पुन्हा तीच लावू नका. डॉक्टरना आधी सांगा म्हणजे ते त्याची सोय करतील.

दिरांचं वाचून वाईट वाटलं. काळी बुरशी मात्र वेगळ्या जातीची. ती शिळ्या पावावर, शेणखतात, सगळीकडे असते, आपण रोज तिचे बीजाणू श्वासात घेतो आणि काही होत नाही. साखर हाताबाहेर गेली, रक्त आंबट झालं, वर स्टेरॉइडचा मारा झाला की रक्तात घट्ट धरून ठेवलेलं लोह सुटं होतं. त्या लोहावर ती फोफावते, नाकातून रक्तवाहिनीत शिरते आणि वाहिनीच तुंबवते. काळं दिसतं ते रक्त न मिळाल्यानं मेलेलं मांस, बुरशीचा रंग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये १९ घातक बुरशांची यादी काढली, तिच्यात ही आहे. गजकर्णाची नाही. ह्यांचं गजकर्ण काळी बुरशी होणार नाही. पण घरात साखरेचा इतिहास आहे असं दिसतं, आणि पुन्हा पुन्हा बुरशी होणाऱ्याची साखर तपासायचीच असते. ह्यांची आणि सासूबाईंची, दोघांची उपाशीपोटी तपासून घ्या.

घरात काय करायचं ते सांगते. उपचार सगळ्यांचे एकाच वेळी. ह्यांचं बरं होतं आणि सासूबाईंकडून परत येतं, किंवा उलट, कारण सुटलेल्या खपल्यांत बीजाणू महिनोन्महिने टिकतात. टॉवेल, पंचा, अंथरूण वेगळं. अंगाला लागणारे कपडे कडकडीत पाण्यात भिजवून, उलटे करून उन्हात, आणि उन्हाचा पत्ता नसेल तेव्हा आतून इस्त्री. नाशिकची हवा कोरडी म्हणणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये तुमच्या पडवीतली दोरी बघावी, तीन दिवस लुगडं वाळत नाही. सासूबाईंना नेसूची गाठ रोज थोडी वर-खाली घ्यायला सांगा, तिथं घाम कोंडतो. ह्यांनी फवारणीचा पोशाख उतरवल्याबरोबर अंघोळ करून जांघ कोरडी पुसायची, मगच चहा. औषध चट्टा गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस. वरची कातडी खालपासून पूर्ण नवी व्हायला साधारण चार आठवडे लागतात, त्याच्या आत थांबलं की खालून उरलेले धागे वर येतात. गोळ्या महागड्या वाटतील, पण आठ महिन्यांच्या ट्यूबांचा हिशेब मुलीला मांडायला सांगा. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीतही हे उपचार होतात.

आणि धाकट्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. बापाला जांघेत, आजीला कमरेला, आणि पोराला मानेवर? वासराच्या गळ्यात पडणाऱ्या पोराला मानेवर! गोठ्यात जाऊन वासराचे डोळ्यांभोवतालचे आणि मानेवरचे केस हातानं बाजूला करा. राखाडी-पांढरे, जाड खपल्यांचे, रुपयाएवढे गोल दिसले तर ते वासरांचं गजकर्ण. तीही त्याच कुळातली, पण वेगळी जात, आणि माणसाला बिनदिक्कत येते. वासरू काही महिन्यांत आपोआप बरं होतं, तरी पशुवैद्यकाला दाखवा, आणि तोवर पोराची गळाभेट बंद. रडेल, रडू दे. त्वचेच्या डॉक्टरना वासराचा फोटो दाखवा आणि पोराचा नमुना वेगळा घ्या म्हणावं.

नमुना म्हणजे काही मोठं नाही. ह्यांना भीती वाटत असेल तर आधीच सांगून ठेवा. बोथट पात्यानं चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडतात, दुखत नाही. ते काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, जरासं गरम करतात. दहा-पंधरा मिनिटांत कातडीच्या पेशी विरघळून काचेसारख्या पारदर्शक होतात, पण कायटिनची भिंत विरघळत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात लांबच लांब, मध्ये आडवे पडदे असलेले, फांद्या फुटलेले चमकणारे धागे, पेशींच्या कडांना न जुमानता आरपार गेलेले. मी हजार वेळा बघितलं असेल, अजून पहिल्यांदा दिसलं की पोटात काहीतरी हलतं. मुलीला बरोबर न्या, डॉक्टर दाखवतील.

लाजण्याचं म्हणाल तर त्वचेचे डॉक्टर पावसाळ्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच बघत असतात. ह्यांची जांघ त्यांच्या लक्षातही राहणार नाही. पुरुष डॉक्टर हवा असेल तर तसं विचारून नंबर लावा. जाताना ट्यूब खोक्यासकट न्या, आणि दोन-तीन दिवस आधीपासून चट्ट्यावर काहीही लावू नका. मलम चोपडलेल्या खवल्यांत काचेखाली धड काही दिसत नाही.